कामाच्या वाटेवरची पाखरे
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या या संस्थेच्या व्यासपीठावर मराठीच्या एका अध्यापकाने एखाद्या कवीवर किंवा ग्रंथावर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज रोजच्या जाण्यायेण्याविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण ‘अप-डाऊन’ करणारे आहेत. कोणी शाहपूरहून बऱ्हाणपुरास जातो, कोणी रावेरला, कोणी मुक्ताईनगरला. आयुष्यातील किती तास या जाण्यायेण्यात जातात याचा हिशेब आपण ठेवीत नाही, कारण तो वेळ आपण वाया गेलेलाच धरतो. तो वाया जाऊ नये यासाठी काय करता येईल, आणि तसे करण्याशी या वाचनालयाचा काय संबंध आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

माझी वाट शाहपुराहून निघते, केळीच्या बागांमधून इच्छापुरास जाते, इच्छादेवीची टेकडी मागे टाकते, राज्याची सीमा ओलांडून अंतुर्ली फाट्यावरून पूर्णेच्या पुलावर येते आणि मुक्ताईनगरात संपते. मध्य प्रदेशातून निघून महाराष्ट्रात शिकवायला जाणारा मी एकटाच नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आपण सीमेच्या या बाजूला राहिलो. भाषा मात्र दोन्ही बाजूंस तीच राहिली. पाखरांनी तर ती सीमा कधी मानलीच नाही. इच्छापूरच्या तारेवर बसलेला कोतवाल अंतुर्लीच्या शिवारातले किडे टिपतो, आणि संध्याकाळी मध्य प्रदेशात मुक्कामाला येतो.

मराठी साहित्य शिकविणाऱ्या माणसाची एक अडचण असते. त्याच्या पुस्तकांत पक्षी फार असतात. ज्ञानेश्वरीत चातक आहे, चकोर आहे, चक्रवाक आहे. पंडितकवींकडे हंस, कोकिळ आणि मयूर यांची गर्दी आहे. ‘चक्रवाकाची जोडी रात्री दुरावते, असा कविसंकेत आहे’ एवढे वाक्य उच्चारून शिक्षक पुढच्या ओळीकडे वळतो आणि विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतो. चक्रवाक हा खरोखरच अस्तित्वात असलेला पक्षी आहे, तो कुठेतरी पोहतो, ओरडतो, चरतो, हा विचार त्या वर्गात कोणाच्याही मनात येत नाही. कविसंकेताचे असेच होते. संकेत टिकतो आणि त्यातला जीव नाहीसा होतो.

आणि हा चक्रवाक हिवाळ्यात आपल्या अगदी वाटेवर असतो. तापीवर हतनूर येथे धरण झाले, तेव्हापासून त्याचे पाणी मागे तापी-पूर्णेच्या संगमाकडे आणि पूर्णेच्या पात्रात पसरते. चांगदेव आणि मुक्ताईच्या या परिसरात थंडीच्या दिवसांत उत्तरेकडची बदके उतरतात. त्यांत हा नारिंगी-बदामी रंगाचा, फिकट डोक्याचा, मोठ्या बदकाएवढा पक्षी बहुधा जोडीने दिसतो. त्याचा आवाज दूरवर जातो. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी आणि मध्य आशियात तो पिले वाढवतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. पुलावर बस क्षणभर थांबली, तर खिडकीतून त्याची जोडी दिसू शकते. ज्या मुक्ताईच्या भावाने या पक्ष्याचा दृष्टान्त दिला, त्या मुक्ताईच्या गावाच्या वेशीवर तो आजही येतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून चांगली टीप कोणत्या ग्रंथात मिळणार?

चातकाचेही तसेच. पावसाच्या थेंबाखेरीज इतर पाणी न पिणारा, मान वर करून आकाशाकडे पाहणारा तो मानी पक्षी आपल्याला कवितेतून ठाऊक आहे. प्रत्यक्षातला चातक काळा-पांढरा असतो, डोक्यावर तुरा मिरवतो, आणि मोसमी वाऱ्यांच्या पुढेमागे आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून उत्तर आणि मध्य भारतात येतो. आमची महाविद्यालये जूनच्या मध्यात उघडतात. त्याच सुमारास रस्त्याकडेच्या बाभळीतून त्याची खणखणीत शीळ ऐकू येऊ लागते. तो केसाळ सुरवंट खातो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो. कवितेतील तपस्वी प्रत्यक्षात दुसऱ्यावर संसार सोपविणारा निघाला, याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. जुन्यांना हे ठाऊक नव्हते असेही नाही. कोकिळेला संस्कृतात ‘परभृत’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचे पिलू वाढते, हे कोणीतरी झाडाखाली उभे राहून पाहिले असेल, तेव्हाच तो शब्द जन्माला आला. आपल्या शब्दांच्या मुळाशी असे पाहणे आहे. आपण शब्द सांभाळले आणि पाहणे सोडून दिले.

मराठी नावांकडेच पाहा. कापसाच्या शेतावर एका जागी पंख फडफडवीत स्थिर राहणारा आणि मग झेपावणारा पांढुरका शिकारी पक्षी म्हणजे कापशी घार. विजेच्या तारेवर बसून कावळ्यालाच काय, घारीलाही हुसकावून लावणारा तो कोतवाल. त्याच्या धाकामुळे त्याच झाडावर होल्यांसारखे गरीब पक्षी निर्धास्तपणे घरटी करतात. तारेवरून झेप घेऊन माशी पकडणारा आणि पुन्हा त्याच जागी परतणारा हिरवा वेडा राघू. नांगरटीत टिटवी, ओढ्याच्या काठी धोबी आणि खंड्या. दसऱ्याच्या दिवशी ज्याचे दर्शन आपल्या निमाडात शुभ मानतात तो नीलकंठ. सीमेपलीकडे त्यालाच नीलपंख किंवा तास म्हणतात. ही नावे पंडितांनी ठेवलेली नाहीत. ती शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी, वाटेने चालणाऱ्यांनी ठेवली. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीच्या निमित्ताने रानोमाळ हिंडताना आदिवासींकडून आणि गावकऱ्यांकडून अशी नावे आयुष्यभर गोळा केली, आणि त्यांतून मराठीला ‘पक्षीकोश’ मिळाला. २०२५ साली ते गेले. त्यांच्या कोशातील शब्द बोलणारी माणसेही हळूहळू जात आहेत. वाहन ताशी ऐंशीच्या वेगाने जाऊ लागले म्हणजे तारेवरचे सगळेच पक्षी ‘एक पक्षी’ होतात.

कोणी म्हणेल, निसर्ग पाहायचा तर मेळघाटात जावे, मढईला जावे. केळीच्या बागेत आणि ट्रकांच्या धुरात काय ठेवले आहे? या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. वनात आपण वर्षातून एकदा जातो, आणि एकदा पाहिलेल्या गोष्टीवरून ऋतू कळत नाही. कामाची वाट वर्षातून दोनशे वेळा तीच असते, आणि तेच तिचे सामर्थ्य आहे. ज्या पळसाखालून आपण रोज जातो, त्याची पाने कधी गळाली, कळी कधी धरली, आणि त्याच्या फुलांवर भोरड्यांचे थवे कोणत्या आठवड्यात आले, हे आपल्यालाच सांगता येते, पर्यटकाला नव्हे. त्या भोरड्यांना पळसमैना हे दुसरे नाव आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्या मध्य आशियाकडून येऊ लागतात, ज्वारीच्या कणसांवर तुटून पडतात, पळस फुलला की त्याच्या मधावर येतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. एकाच ज्वारीच्या शेताला आणि एकाच पळसाला त्यांची वर्षभराची ये-जा बांधलेली असते. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. त्याची मांडणी महिन्यामहिन्यांची आहे, कारण बारा महिने पाहिल्यावाचून ऋतूचे वर्तुळ पूर्ण होत नाही.

रोजच्या कामातून काय निर्माण होऊ शकते, याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या खानदेशचेच आहे. बहिणाबाई चौधरी घरकामात आणि शेतकामात गाणी म्हणत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने आणि नातलगांनी त्यांतली काही टिपून ठेवली म्हणून १९५१ साली त्या गेल्यानंतर, १९५२ साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. सुगरणीच्या खोप्यावरचे त्यांचे गाणे सर्वांना ठाऊक आहे. ते गाणे पुस्तकातून आलेले नाही; शेताच्या बांधावर रोज दिसणाऱ्या खोप्यातून आले आहे. गंमत अशी की, त्याआधी १९३० साली सलीम अली नावाचे एक तरुण पक्षिअभ्यासक नोकरी सुटल्यामुळे अलिबागजवळच्या किहीम गावी राहत होते, आणि घराजवळच्या झाडावर याच पक्ष्याचे खोपे रोज न्याहाळीत होते. त्यांनी दाखवून दिले की खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की तो मादीला बोलावतो. तिला पसंत पडला तर संसार सुरू होतो, आणि मग हे महाशय दुसरा खोपा विणायला घेतात! बहिणाबाईंना त्या घरट्यात आईची माया दिसली, सलीम अलींना नराची कारागिरी दिसली. एकाच खोप्याने मराठीला एक अजरामर गाणे दिले आणि पक्षिशास्त्राला एक महत्त्वाचा निबंध दिला. दोघांनीही त्यासाठी दूरचा प्रवास केला नव्हता.

आता मी आपल्या जिल्ह्याच्या एका विलक्षण रहिवाशाकडे वळतो. रानपिंगळा हा वीतभर उंचीचा घुबडवर्गीय पक्षी. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याला तो पश्चिम खानदेशात मिळाला. कामानिमित्त दौऱ्यावर हिंडताना पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याची त्यांना सवय होती. १८८४ नंतर मात्र त्याची एकही खात्रीची नोंद उरली नाही आणि तो नामशेष झाला असे मानले जाऊ लागले. मध्यंतरी मायनर्त्झहागेन नावाच्या एका नामवंत लष्करी अधिकाऱ्याने आपल्याला तो १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा दावा केला होता. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक महिलेने संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासले, तेव्हा या गृहस्थांनी दुसऱ्यांचे नमुने आपल्या नावावर खपविल्याचे उघडकीस आले. त्यांनी खोटी नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! त्यानंतरच्या शोधात तो मेळघाटात आढळला, आणि आपल्या खकनारच्या रानातही आढळला.

या हकिकतीतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, हा पिंगळा इतर घुबडांसारखा रात्रीच वावरणारा नाही. तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो. म्हणजे तो लपलेला नव्हता. शतकभर त्या रानातून लाकूडतोडे गेले, गुराखी गेले, गार्ड गेले. पण पाहिलेले लिहून ठेवणारा कोणी गेला नाही. दुसरी गोष्ट अशी की, एका खोट्या नोंदीने शोध चुकीच्या दिशेला वळतो, आणि एका प्रामाणिक नोंदीच्या आधारे शंभर वर्षांनंतरही हरवलेला जीव सापडतो. नोंद जपणे हे कोणाचे काम, हे या सभागृहात मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

रानाचे आणि वाचनालयाचे नाते आपल्या भागात आणखीही एका अर्थाने जवळचे आहे. आपल्या नेपानगरच्या कारखान्यात १९५५ पासून वृत्तपत्राचा कागद तयार होऊ लागला, आणि १९८१ पर्यंत तसा कागद करणारा तो देशातील एकमेव कारखाना होता. तो कागद सातपुड्यातील सालईच्या लाकडापासून आणि बांबूपासून बनत असे. या वाचनालयात आपल्या वडिलांनी बसून वाचलेल्या वर्तमानपत्रांपैकी कित्येक या डोंगरातल्या सालईची असतील. ज्या रानाने आपल्याला इतके वाचायला दिले, त्या रानाला वाचण्याची पाळी आता आपली आहे.

आणि ती पाळी उशिरा येऊन चालणार नाही. इंदूर-इच्छापूर रस्ता रुंद होत आहे. मी त्याच्या विरोधात बोलत नाही. केळीचे घड घेऊन जाणाऱ्या ट्रकांना आणि रुग्ण नेणाऱ्या गाड्यांना चांगला रस्ता हवाच. परंतु रस्ता रुंद होताना सर्वांत आधी जातात ती कडेची जुनी झाडे. त्यांच्या बदल्यात दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल लागते. ती दिसायला सुंदर असते, पण पाखरांच्या दृष्टीने ती भाड्याने न मिळणारी घरे होत. पोपट, पिंगळा, तांबट, धनेश या सर्वांना झाडाची ढोली लागते. त्यांतील तांबट तेवढा वाळक्या फांदीत स्वतः ढोली कोरतो. बाकीच्यांना आयती ढोली मिळावी लागते, आणि धनेशाला सामावून घेईल एवढी ढोली दहा वर्षांच्या झाडात होत नाही. तिला चिंचेचे, कडुनिंबाचे, मोहाचे जुने खोड लागते. वड, पिंपळ आणि उंबर यांची फळे इतर झाडे रिकामी असतानाही पक्ष्यांना पोसतात. असे एक झाड पडले, तर शंभर रोपे लावूनही त्याची जागा पुढल्या पिढीपर्यंत भरून निघत नाही. महामार्गावरचा निर्णय आपल्या हातात नसेल. पण बांधावरचा आहे. आपल्यापैकी बरेच जण बागाईतदार आहेत. केळीच्या आणखी दोन ओळींसाठी बांधावरची चिंच तोडण्यापूर्वी तिच्या खोडाला ढोली आहे का, आणि ढोलीत कोणी राहते का, एवढे पाहावे, अशी माझी विनंती आहे. केळीच्या कमळावर येणारा शिंजीर आणि पानांखाली किडे वेचणारा शिंपी हेही त्याच बांधाच्या आश्रयाने राहतात.

पाहणाऱ्यांसाठी चार व्यावहारिक गोष्टी सांगतो. स्वतः वाहन चालवत असाल, तर चालवताना पाखरे पाहू नयेत. एखादी ठरलेली जागा निवडून पाच मिनिटे थांबावे. बसने जाणाऱ्यांनी सकाळी आणि संध्याकाळी उन्हाच्या विरुद्ध बाजूची खिडकी धरावी. डोळ्यांवर तिरीप नसली की रंग दिसतात. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाही. आवाज, आकार आणि बसण्याची ढब यांवरून अर्धी ओळख पटते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तारीख लिहावी. ‘आज चातक ऐकला’ या वाक्याला तारीख आणि ठिकाण नसेल, तर ते केवळ मनोगत होते. तारीख घातली की ती नोंद होते.

अशा नोंदींचे मोल किती असू शकते, याचे एक परदेशी उदाहरण देतो. अमेरिकेतील कॉन्कर्ड गावच्या थोरोने १८५०च्या दशकात रोजच्या फेरफटक्यात कोणते फूल केव्हा उमलले, हे टिपून ठेवले होते. दीडशे वर्षांनंतर शास्त्रज्ञांनी त्या वह्या उघडल्या, आजच्या तारखांशी त्या ताडून पाहिल्या, आणि हवामान तापल्यामुळे तिथली फुले आता आधी उमलतात, हे सिद्ध केले. थोरोने त्या शास्त्रासाठी लिहिले नव्हते. तो आपला रोज चालत होता आणि लिहीत होता. आपल्या देशातही २००७ साली बंगळूरच्या संशोधकांनी ‘मायग्रंटवॉच’ नावाचा उपक्रम सुरू केला आणि स्थलांतरित पक्षी पहिल्यांदा कुठे, कधी दिसले हे सामान्य नागरिकांकडून मागविले. चातक आपल्या शिवारात पूर्वीपेक्षा लवकर येतो की उशिरा, या प्रश्नाचे उत्तर आज आपल्यापैकी कोणीही पुराव्यानिशी देऊ शकणार नाही. कारण आपल्या आजोबांनी त्याला ऐकले, आपल्या आजीने त्यावरून पेरणीची तयारी केली, पण ते कोणी लिहिले नाही.

म्हणून या शतकमहोत्सवी वर्षात मी वाचनालयाला एक सूचना करतो. वर्तमानपत्रांच्या मेजावर एक जाड, बांधीव नोंदवही ठेवावी. तिच्यात फक्त चार रकाने असावेत: तारीख, ठिकाण, काय दिसले, आणि कोणी पाहिले. नाव ठाऊक नसेल, तर वर्णन लिहावे; गावात त्याला जे म्हणतात ते लिहावे. खात्री नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. मायनर्त्झहागेन साहेबांचा कित्ता कोणी गिरवू नये. केळीबागेतला मजूर, दुधाच्या फेऱ्या करणारा, शाळेला पायी जाणारी मुलगी, तलाठी, शिक्षक, सगळ्यांना त्या वहीत लिहिण्याचा अधिकार असावा. त्यासाठी सभासदत्वाची अट नसावी. वही भरली की तिला ग्रंथाप्रमाणे दाखल क्रमांक द्यावा आणि कपाटात ठेवावी. तिला खर्च फारसा नाही. तिचे वाचक मात्र अजून जन्माला यायचे आहेत.

आपल्या वाचनालयाच्या संस्थापकांनीही असेच केले नव्हते का? जी पुस्तके त्यांनी विकत घेतली, त्यांचे सगळे वाचक त्यांना दिसले नव्हते. कोणी तरी वाचील, या भरवशावर त्यांनी कपाटे भरली. त्या कपाटांत चातक, चक्रवाक आणि सुगरण सुखरूप आहेत. ते वाटेवरही राहावेत, आणि पुढील शतकातल्या अध्यापकाला वर्गात ‘असा एक कविसंकेत होता’ असे म्हणून थांबावे न लागता, ‘उद्या पूर्णेच्या पुलावर बघा’ असे सांगता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.